पाच प्रकरणं तयार, पण पाठवायला हात उचलत नाही

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून:

पत्र लिहिणाऱ्या ताई ३७ वर्षांच्या, इंदूरच्या. एका सरकारी महाविद्यालयात समाजशास्त्राच्या अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरत्या प्राध्यापक, आहेत. एम.ए.ला सुवर्णपदक, प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा उत्तीर्ण. शहरातल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांच्या बायकांवर त्यांची पीएच.डी. चालू आहे. नियमाची सहा वर्षं संपली, महिलांना मिळणारी दोन वर्षांची सवलत चालू आहे आणि तिचेही सातच महिने उरलेत. सहापैकी पाच प्रकरणं लिहून तयार आहेत. मार्गदर्शकांनी पाहिलंय ते फक्त पहिलं, कारण पुढची चार त्यांना पाठवलेलीच नाहीत. पाठवायचा दिवस आला की संदर्भसूची नव्यानं करायला बसायचं, युवा उत्सवाचं काम आपणहून अंगावर घ्यायचं, नाहीतर ‘हुकुमचंद मिलच्या कामगारांना २०२३ च्या डिसेंबरात देणी मिळाली, म्हणजे मुलाखती पुन्हा घ्यायला हव्यात’ असं ठरवायचं.

गेल्या महिन्यात आणखी एक घडलं. त्याच मार्गदर्शकांकडे एक धाकटी मैत्रीण संशोधन करते. एका सेमिनारसाठी सारांश पाठवायची तारीख ठरल्यापेक्षा अलीकडे आणली होती, आणि ‘तिलाही कळवा’ असा मार्गदर्शकांचा निरोप ताईंच्या फोनवर होता. त्यांनी तो वाचला आणि पुढे पाठवला नाही. मैत्रिणीची तारीख हुकली. ‘विसरलेच गं,’ असं त्यांनी तिला सांगितलं. ‘तिचं हुकलं हे कळलं तेव्हा मला हलकं वाटलं. मग रात्रभर झोप नाही. मी अशी आहे?’

सासूबाई म्हणतात साडेसाती. जुन्या इंदुरातल्या शनिमंदिरात तेल वाहून झालं, खजराण्याच्या गणपतीला उलटं स्वस्तिक काढून झालं. नवरा म्हणतो, ‘तू फक्त मनावर घे.’ ताई विचारतात: माझ्याच आत माझा शत्रू बसलाय का? त्याला हाकलू कसा? पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, एक ओळ आहे: ‘मोठ्या बहिणीचं बी.ए. आईच्या आजारपणात सुटलं. माझी कॉलेजची फी ती भरायची.’

ताई,

शत्रूपासूनच सुरुवात करू, कारण पत्रातला हा शब्द मला पटलेला नाही. शत्रू असता तर त्यानं सगळीकडे नासधूस केली असती. तुमचे वर्ग वेळेवर होतात, पेपर तपासून होतात, नोकरी सांभाळून पाच प्रकरणं लिहून झाली आहेत. बिघडतंय ते एकाच ठिकाणी: लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायच्या क्षणी. इतका नेमका बिघाड आळशीपणाचा नसतो आणि दुष्टपणाचाही नसतो. घरातला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो तेव्हा तो घराचा वैरी म्हणून पडत नाही. गिझरच्या लाइनवर सहा अँपिअरचा बसवला असेल तर दर सकाळी पडणारच. त्याच्या हिशेबानं तो घर वाचवतोय. तो तोडून फेकायचा नसतो, कोणत्या भाराला पडतोय ते पाहून योग्य क्षमतेचा बसवायचा असतो. तेव्हा ‘हाकलू कसा’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं त्या धोंड्यानं काय वाचवत असतात, ते पाहू.

१९७८ साली स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आहे. काहींना सुटतील अशी कोडी दिली, काहींना उत्तरच नसलेली. नंतर सगळ्यांना सांगितलं, ‘वा, छान सोडवलीत.’ दुसऱ्या फेरीआधी दोन गोळ्यांपैकी एक निवडायची होती: एक डोकं तल्लख करणारी, दुसरी मंद करणारी, असं त्यांना सांगितलं होतं. ज्यांनी नुसते अंदाज ठोकले होते आणि तरी शाबासकी मिळवली होती, त्यांच्यातले पुरुष मंद करणाऱ्या गोळीकडे वळले. मागच्या खेपेला आपण का जिंकलो हेच ठाऊक नसेल, तर पुढच्या खेपेला हरण्याचं कारण आधीच हाताशी ठेवलेलं बरं. हरलो तर गोळीमुळे, जिंकलो तर गोळी असूनही.

त्या प्रयोगात स्त्रियांमध्ये हा कल तसा दिसला नाही, म्हणून तो जसाच्या तसा तुम्हाला चिकटवत नाही. पण त्याच साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिलं: पदव्या, बढत्या सगळं हातात, आणि आत एकच धाकधूक, की हे चुकून मिळालंय आणि एक दिवस कुणीतरी पकडणार. तुमच्या पत्रात सुवर्णपदकाचा उल्लेख कसा येतो पाहा: ‘मिळालं बाई कसं तरी.’ ते कसं मिळालं याचा हिशेब तुम्ही कधी केलेलाच नाही. म्हणून ते पदक आधार देत नाही, धाक घालतं. शेवटच्या आठवड्यात घाईनं दिलेला प्रबंध सामान्य ठरला तर ‘वेळच नव्हता’ म्हणता येतं. सात महिने आधी, शांतपणे दिलेला प्रबंध सामान्य ठरला तर काय म्हणायचं? धोंडा वाचवतोय ते हे: ‘मी हुशार आहे’ हे वाक्य परीक्षेला न बसवता जपून ठेवणं.

इंदूरच्या मराठी घरांमध्ये याला एक जादा धार असते. जमिनी मागे राहिल्या, नातेवाईक पुण्या-नागपुराकडे, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या घराची इभ्रत ठरली ती शिक्षणावर. ‘आपल्याकडची मुलगी’ हुशार असते हे गृहीतच धरलेलं. अशा घरात नापास होण्यापेक्षा ‘अजून दिलंच नाही’ हे फार सोयीचं असतं.

आता सहीखालची ओळ. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथे आहे, असं माझं मत. यश हाताशी आल्यावर मोडून पडणाऱ्या माणसांबद्दल फ्रॉइडनं १९१६ साली लिहिलं होतं, आणि त्याचं कारण त्यानं अपराधीपणात शोधलं. फ्रॉइडचं सगळंच आज कुणी मानत नाही, पण हे निरीक्षण टिकून आहे. प्रबंध दिला की तुम्ही डॉक्टर आणि बहीण बी.ए. अर्धवट. आज निदान दोघींचंही काहीतरी अपुरं आहे. तुम्ही असं ठरवून केलंय असं मी म्हणत नाही. असले हिशेब ठरवून होतच नाहीत. एक प्रश्न कागदावर लिहा: ‘प्रबंध सादर झाला, तर घरातल्या कुणाशी माझं नातं आहे तसं राहणार नाही?’ पहिलं जे नाव सुचेल ते खोडू नका.

ते नाव बहिणीचं असेल तर तिला ‘तुला वाईट वाटेल का गं’ असं विचारू नका. त्यावर ती ‘छे’ म्हणणार आणि विषय तिथेच बुडणार. त्यापेक्षा प्रबंधाचा ऋणनिर्देश आज लिहा. सगळे तो शेवटी लिहितात, तुम्ही आधी लिहा. कोणत्या वर्षी कशाची फी तिनं भरली, ते नेमकं लिहा आणि ते पान तिला वाचून दाखवा. तिचं बी.ए. पुढं न्यायची तिची इच्छा आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. मुक्त विद्यापीठातून ते या वयातही होतं. पण ते तिनं ठरवायचं. तुमच्या अपराधीपणावरचा उपाय म्हणून तिला परीक्षेला बसवू नका.

साडेसातीबद्दल. सासूबाईंचं तेल चालू राहू दे, त्यानं कुणाचं नुकसान नाही. मात्र ‘अडीच वर्षांनी बरे दिवस येतील’ हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. तीही एक मंद करणारी गोळीच आहे, फक्त प्रसाद म्हणून आलेली. तुमच्याकडे महिने सात आहेत.

‘मनावर घे’ हा नवऱ्याचा सल्लाही इथे निरुपयोगी. मनावर तुम्ही नको इतकं घेतलंय.

आता कामाचं बोलू. पुढचे १४ दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. फोनमध्ये नोंद नको. फोन उघडला की आणखी दहा दारं उघडतात. प्रबंधाचं काम टळलं की चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, काय करणार होते, त्याऐवजी काय केलं, आणि हात थांबला त्याच्या मिनिटभर आधी डोक्यात कोणतं वाक्य आलं. उदाहरणार्थ: ‘बुधवार, ४.१०. तिसरं प्रकरण ईमेलला जोडलं. वाक्य: सर म्हणतील, एवढंच? मग तक्त्याचे रकाने सरळ करत बसले, सव्वासहापर्यंत.’ ही वही बहुतेकांची तिसऱ्या दिवशी बिघडते, कारण नोंदीच्या जागी निकाल लिहिला जातो: ‘आज पुन्हा आळस केला.’ निकालातून काही हाती लागत नाही. ते वाक्य लागतं. पंधरवड्यात तीच दोन-तीन वाक्यं उलटून पालटून येताना दिसतील, आणि ती बहुधा कुणाच्या तरी आवाजात असतील.

वही भरतेय तोवर थांबायचं मात्र नाही. तिसऱ्याच दिवशी दुसरं प्रकरण पाठवा. कसं, ते नीट सांगतो, कारण अडतंय तिथेच. फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावर ‘कच्चा मसुदा’ असं लिहा. ईमेलमध्ये तीन प्रश्न विचारा, जास्त नाही: हे विभाजन पटतं का, अमुक संकल्पना इथे यावी की पुढच्या प्रकरणात, मुलाखतींतले उतारे जास्त झालेत का. ‘कसं वाटलं सांगा’ असं कधीही लिहू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून निवाडा येतो आणि तुम्ही निवाड्यालाच घाबरलेल्या आहात. नेमका प्रश्न विचारला की नेमकी दुरुस्ती येते. ईमेल सकाळी लिहून ठेवा आणि पाठवायचं बटण महाविद्यालयात, पुढचा तास सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी दाबा, म्हणजे पुन्हा उघडून पाहायला वेळच उरणार नाही. रात्री अकराला पाठवायला बसणं हा हमखास बिघाड: थकलेलं डोकं चुकाच शोधतं.

लिहिण्याचा संकल्प ‘रोज दोन तास’ असा करू नका. अतिथी विद्वानाचं वेळापत्रक महिन्याला बदलतं आणि एक दिवस हुकला की संकल्पच मोडतो. आठवड्याला चार बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. त्या ‘जर-तर’च्या वाक्यात बांधा, पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ च्या लेखात मांडलेली ही पद्धत आहे आणि नुसत्या निश्चयापेक्षा ती चांगली चालते. ‘मंगळवारी तिसरा तास संपला, की स्टाफरूममध्ये न जाता थेट ग्रंथालयात जाऊन सहावं प्रकरण उघडेन.’ दुसरं वाक्य अडथळ्यासाठी: ‘संदर्भसूची उघडावीशी वाटली, तर समासात फुली मारेन आणि चालू परिच्छेद पुरा करेन.’ वाक्यात जागा, वेळ आणि हाताची पहिली हालचाल हवीच. यातलं एक जरी गळलं तरी तो पुन्हा नुसता संकल्प होतो. उठताना पुढच्या वाक्याचे चार शब्द लिहून उठा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंज नको.

संदर्भसूची आजपासून गोठवा. नवीन काही सापडलं तर ‘नंतर’ नावाच्या फाइलमध्ये.

आणि त्या पुन्हा घ्यायच्या मुलाखती. हा बहाणा सगळ्यात देखणा आहे, कारण त्यात तथ्य आहे. १९९१ साली बंद झालेल्या मिलच्या कामगारांना बत्तीस वर्षांनी पैसे मिळाले, तेव्हा त्या घरांमधलं काही ना काही बदललंच असणार. पण प्रबंध ठरावीक काळाच्या क्षेत्रकार्यावर उभा असतो आणि ते सांगायची त्यात जागा असते. पद्धतीच्या प्रकरणात क्षेत्रकार्याचे महिने आणि वर्षं लिहा, मर्यादांमध्ये ‘२०२३ च्या देणीवाटपानंतरची स्थिती या अभ्यासात नाही’ हे एक वाक्य, आणि शेवटी दीड-दोन पानांचं पश्चलेखन. नव्या मुलाखती हा प्रबंधानंतरच्या शोधनिबंधाचा विषय. मार्गदर्शकांनी स्वतः सांगितलं तरच वेगळा विचार करा, आणि त्यांनी सांगायला आधी त्यांच्या हातात प्रकरण पडायला हवं.

कधी कधी हात अडवणारी भीती खरी असते, तिचंही ऐका. सुरुवातीच्या वर्षांत लिहिलेल्या साहित्य आढाव्यात दुसऱ्यांची वाक्यं तशीच उतरली असतील, तर ते आताच शोधा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्याच्या वर आणि ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रकरणवार तपासणी आधीच करून मिळते का ते विचारा. आकडा समोर आला की भीतीला आकार येतो, आणि आकार असलेल्या भीतीवर काम करता येतं.

मूल्यमापनाबद्दलही तुमच्या मनात काहीतरी कडेलोटासारखं चित्र दिसतं. नियम तितके क्रूर नाहीत. २०२२ च्या यूजीसी नियमावलीत प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो; त्यातल्या एकानं नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे पाठवायची तरतूद आहे. तुमची नोंदणी जुन्या नियमावलीतली असेल, तेव्हा तुम्हाला लागू होणारा कागद विद्यापीठातून मागून घ्या आणि एकदा डोळ्यांखालून घाला. सवलतीची अखेरची तारीखही त्याच वेळी लेखी घ्या. ‘सात महिने’ हा तुमचा अंदाज असेल तर तो तीन आठवड्यांनी चुकायला वेळ लागत नाही. (इतर वाचकांसाठी: २०१६ आणि २०२२ या दोन्ही नियमावल्यांत प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. कितीजणींना हे शेवटच्या वर्षी कळतं.)

सात महिने म्हणजे साधारण तीस आठवडे धरा. पहिले सहा आठवडे दर दहा-अकरा दिवसांनी एकेक करून चारही प्रकरणं पाठवायची, त्याच काळात शेवटच्या प्रकरणाची सुरुवात. बाराव्या आठवड्यापर्यंत ते संपवायचं. पुढचे सहा मार्गदर्शकांच्या दुरुस्त्यांना, तीन साम्य-तपासणी आणि मांडणीला, चार पूर्व-सादरीकरण सेमिनार आणि त्यातल्या सूचनांना. उरलेले पाच आठवडे कुणालाच द्यायचे नाहीत. ते ताप, निवडणुकीचं काम आणि बंद पडलेला सर्व्हर यांचे आहेत.

या आराखड्यात एक आठवडा वाया जाईल, तेव्हा स्वतःला झोडपत बसू नका. हे मी प्रेमळपणानं सांगत नाही, त्यामागे निरीक्षण आहे. मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० साली विद्यार्थ्यांच्या दोन लागोपाठच्या परीक्षा तपासल्या. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या वेळी चालढकल कमी केली. कारण सरळ आहे. अभ्यासाची वही पाहिली की अपमान आठवतो, तो टाळायला माणूस वहीच टाळतो.

एक पर्याय तुम्ही पत्रात घेतलेलाच नाही: सोडून देणं. तो टेबलावर ठेवलाच पाहिजे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या सरळ भरतीला पीएच.डी. ऐच्छिक आहे आणि नेट तुमच्याकडे आहे. सात वर्षांहून जास्त गेली म्हणून आणखी सात महिने घालायलाच हवेत असं नाही. माझा कल मात्र पूर्ण करण्याकडे आहे, कारण पाच प्रकरणं लिहून झालेल्या माणसाला विषयाचा कंटाळा आलेला नसतो. तरीही सोडायचं ठरलं, तर मार्गदर्शकांना भेटून, लेखी कळवून सोडा. तारीख उलटून जाऊ देणं हा निर्णय नव्हे, तो त्याच धोंड्याचा शेवटचा घाव असेल.

एक वैद्यकीय बाब. लहानपणापासून प्रत्येकच कामात असं होत आलं असेल, वस्तू हरवणं, वेळेचा अंदाज न येणं, तर लक्ष-अस्थिरतेची (एडीएचडी) तपासणी करून घ्या. मोठ्या वयातही निदान होतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडणं, कशातच रस न वाटणं असं चालू असेल, तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून आधी डॉक्टर. एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग शहरातच आहे, आणि जगणं नकोसं झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र कधीही विनामूल्य बोलता येतं.

आता मैत्रीण. तुमची रात्र गेली ती हिच्यापायी, प्रबंधापायी नव्हे.

‘मी अशी आहे?’ याचं उत्तर: हो, तुमच्यात हेही आहे. बहुतेकांत असतं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी ज्यांनी केली त्यांनी ती वाईट माणसांसाठी वेगळी केली नव्हती. माणूस म्हटला की सहाही आलेच, असं धरून केली होती. हल्ली सकाळी फोनवर येणाऱ्या फुलांच्या चित्रांवरच्या सुविचारांनी आपलं नुकसान केलंय ते इथे. त्यांच्या हिशेबात चांगल्या बाईला हेवा वाटतच नाही, म्हणून वाटला की तिला एकदम स्वतःची भीती वाटते. मग ती तो विचार दाबते. दाबलेल्या विचाराचं काय होतं हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नरनं १९८७ साली दाखवलं: पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, की अस्वल येतच राहतं, आणि बंदी उठल्यावर तर आणखी.

हेवा कुणाचा वाटतो यालाही नियम आहे. अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की दूरच्या माणसाचं यश टोचत नाही, आणि ज्यात आपल्याला रस नाही त्यातलंही नाही. टोचतं ते जवळच्या माणसाचं, आपण ज्यावर स्वतःला मापतो त्याच क्षेत्रातलं. मार्गदर्शक तेच, विषय तोच, वयानं धाकटी, रोज भेटणारी: तुमच्याकडे सगळं जुळून आलेलं. पण तिच्यातलं नेमकं काय टोचलं? तिची बुद्धी तुमच्याहून जास्त आहे असं तुम्ही कुठेच म्हणत नाही. पत्रात एक वाक्य आहे: ‘ती अर्धवट, चुकांचंसुद्धा बिनधास्त पाठवून देते.’ ताई, तुम्हाला हवंय ते हेच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) ज्याला माणसाची सावली म्हणायचा, तिच्यात नुसता काळोख नसतो. घरानं, संस्कारानं जे वापरायला बंदी केली तेही तिथेच जाऊन पडलेलं असतं. ‘मला पुढं जायचंय, पहिलं यायचंय’ असं तुमच्या घरात शहाण्या मुलीनं बोलायची सोय होती का? नसेल, तर ती इच्छा मागच्या दारानं निरोप दाबून ठेवणार. पुढच्या दारानं तिला यायचं असेल तर मार्गदर्शकांना स्पष्ट सांगा, ‘पुढच्या सेमिनारमध्ये मला निबंध वाचायचाय.’

इतकं समजून घेतल्यावर एक गोष्ट मात्र सैल सोडता येत नाही. हेवा वाटणं हा गुन्हा नाही. निरोप दाबणं आणि ‘विसरले’ म्हणणं ही कृती आहे, आणि तिची भरपाई तुमच्याकडे लागते. आतल्या सावलीवर ढकलून ती फिटत नाही.

सांगावं की न सांगता पुढं मदत करून भरून काढावं? न सांगण्याच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे: विभाग लहान, बोलणं फुटेल, आणि मार्गदर्शकांपर्यंत जाईल. पण न सांगता केलेली मदत तुम्ही मोजत राहाल, आणि एके दिवशी ‘मी तिच्यासाठी इतकं केलं’ असा उलटा हिशेब तयार होईल. शिवाय तो निरोप मार्गदर्शकांनी पाठवलेला आहे. बोलता बोलता तिला कळायला एक चहा पुरेसा आहे. सांगावं, असं माझं मत आहे.

आधी आयोजकांकडे उशिरा सारांश घेतात का याची चौकशी करा, म्हणजे हातात काहीतरी घेऊन बोलता येईल. मग समोरासमोर, स्टाफरूममध्ये नव्हे, दोन मिनिटांत: ‘तारीख बदलल्याचा सरांचा निरोप माझ्याकडे आला होता. मी तुला मुद्दाम पाठवला नाही. विसरले म्हणाले ते खोटं होतं. माझं चुकलं. आयोजकांशी बोलले आहे, ते असं म्हणतात.’ बस. तुमचं बालपण, सुवर्णपदक, रात्रीची झोप यातलं काही नको; ते सांगितलं की तिला तुमचीच समजूत काढावी लागते. हेवा वाटला हे तिनं ‘का?’ विचारलं तरच, एका वाक्यात. ‘मला माफ कर, माझ्याशी बोलणं सोडू नको’ हेही नको, कारण ती तिच्यावरची दुसरी जबरदस्ती आहे. ती रागावेल, काही दिवस बोलणार नाही, कदाचित पूर्वीसारखं होणारही नाही. ते तिच्या हातात. मार्गदर्शकांना सांगायचं की नाही तेही तिनं ठरवू दे. तिनं सांगितलं आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, तर उत्तर तेच आणि तेवढंच.

हे बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी दुसरं प्रकरण पाठवायचा बेत ठेवू नका. दोन्ही अवघड कामं एका दिवशी लावली की एकाचं कारण दुसऱ्याला मिळतं. प्रकरण आधी पाठवा, बुधवारी. मैत्रिणीशी शुक्रवारी बोला.